मधूनच जाणारे नेट

पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. न फिरणारा पंखा कोणत्याही वेळी जाऊन पाहिला तरी फिरत नसतो, त्यामुळे पाहणाऱ्याला शांतपणे एकेक जोडणी तपासता येते. मधूनच बिघडणाऱ्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे. घरातल्या कोणीतरी "नेट गेलं" म्हणून हाक मारावी, आपण त्या खोलीत पोहोचेपर्यंत ते परत आलेले असावे, आणि तक्रार नोंदवून आलेल्या तंत्रज्ञाने फोनवर वेग मोजून "आता तर चालतंय की" म्हणत निघून जावे, हा अनुभव घरात मेश वायफाय, म्हणजे दोन-तीन डब्यांनी मिळून चालवलेले एकच वायफाय, असलेल्या पुष्कळांनी घेतला असेल. आमच्याकडे तो बराच काळ चालू होता. त्याचा माग काढताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ज्यांना तंत्रज्ञानाची परिभाषा येत नाही अशी घरातली माणसे ज्या साध्या शब्दांत तक्रार करतात, त्या शब्दांत बहुतेक वेळा अचूक निरीक्षण असते, आणि ते आहे तसे लिहून घेतले तर निम्मे निदान तिथेच होते.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले, चिऱ्याचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी अशी खोल्यांची सरळ रांग आहे, आणि माजघरातून जिना माडीवर जातो. दोन खोल्यांमधल्या भिंती दीड-दीड फूट जाडीच्या आहेत. फायबरची तार पुढच्या पडवीत येते, कारण खांब रस्त्याच्या कडेला आहे. म्हणजे नेट घराच्या एका टोकाला उतरते आणि त्याची गरज मात्र दुसऱ्या टोकापर्यंत असते. पत्नी माडीवर बसून पुण्यातल्या कंपनीचे काम करते, दहावीतली मुलगी तिथेच अभ्यास करते, आई माजघरात कीर्तने ऐकते, आणि काका-काकू रोज रात्री जर्मनीतल्या मुलाशी, समीरशी, व्हिडिओ कॉलवर बोलतात. एवढ्या सगळ्यांना एकाच राउटरची रेंज पुरणे शक्य नव्हते, म्हणून तीन डब्यांचा मेश संच घेतला. त्यातला मुख्य डबा पडवीत फायबरच्या मॉडेमला जोडलेला होता, दुसरा स्वयंपाकघरात होता आणि तिसरा माडीवर. तिन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच असल्यामुळे फोनला घरभर एकच वायफाय दिसते, आणि डबे आपसांत बिनतारी बोलून माहिती पुढे पोहोचवतात.

राउटरशेजारी खिळ्याला एक वही अडकवली आणि घरातल्या सर्वांना विनंती केली की नेट अडले की वेळ, खोली, कोणाचा फोन आणि नेमके काय झाले ते आपल्या शब्दांत लिहावे. पाऊस होता का, दिवे गेले होते का, हेही लिहावे. सुरुवातीला नोंदी त्रोटक होत्या, पण हळूहळू त्यांत आकार दिसू लागला.

पहिला प्रश्न सोडवायचा होता तो आत की बाहेर, हा. बिघाड घरातल्या जाळ्यात आहे की कंपनीच्या तारेत, हे ठरल्याशिवाय पुढचे सगळे श्रम वाया जातात. यासाठी पिंग या छोट्या आज्ञेइतके प्रामाणिक साधन नाही. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली, आणि तीही आपल्या प्रयोगशाळेतले जाळे विचित्र वागत होते त्याचे कारण शोधण्यासाठीच. पिंग एका पत्त्यावर लहानसा संदेश पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. बाकी काही करत नाही. माजघरात लॅपटॉप ठेवून त्यावर दोन खिडक्या उघडल्या. एकीत घरातल्या मुख्य राउटरला पिंग चालू ठेवले आणि दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. दोन्ही खिडक्यांतली उत्तरे एकदम थांबली तर दोष घरात, आणि फक्त बाहेरची थांबली तर दोष तारेत किंवा तिच्या पलीकडे. दोन्ही ठीक असून पान उघडत नसेल, तर संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत अडचण, हीही एक शक्यता असते. आमच्याकडे ती क्वचितच निघाली. एकदा नारळाची झावळी पडून खांबावरची तार लोंबकळली होती, तेवढा प्रसंग बाहेरचा. वहीतल्या बाकीच्या बहुतेक नोंदींच्या वेळी दोन्ही खिडक्या एकदमच गप्प झालेल्या होत्या. दोष घरातच होता.

वहीतली सर्वांत मोलाची नोंद आईची होती. "रेंज फुल दाखवतंय, पण काही उघडत नाही. नुसतं गोल फिरतं." अशा तक्रारीला आपण सहसा फोन जुना झाला असे म्हणून उत्तर देतो. परंतु या एका वाक्यात मेशमधला सर्वांत सामान्य दोष पूर्ण सांगितलेला आहे. फोनवर दिसणारी रेंज ही फोन आणि त्याच्या जवळचा डबा यांच्यातली असते. तो डबा मुख्य राउटरशी किती चांगले बोलू शकतो, याची फोनला काहीही कल्पना नसते. आईच्या फोनला स्वयंपाकघरातला डबा जवळ होता म्हणून रेंज फुल होती. त्या डब्याला मात्र पडवीपर्यंत पोहोचण्यासाठी तीन भिंती ओलांडाव्या लागत होत्या.

मेश संचाच्या ॲपमध्ये डब्यांमधल्या सिग्नलचा आकडा पाहिला तेव्हा तो उणे ८० डेसिबलच्या आसपास होता. हा आकडा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो आपल्या रोजच्या मोजमापासारखा वागत नाही. त्यातला प्रत्येक १० चा फरक म्हणजे शक्ती दहापट कमी किंवा जास्त, आणि ३ चा फरक म्हणजे साधारण निम्मी किंवा दुप्पट. उणे ५० आणि उणे ८० यांत म्हणून तब्बल हजारपटींचा फरक असतो. आवाजी किंवा व्हिडिओ संभाषण सुरळीत चालायचे तर उणे ६७ पेक्षा वाईट सिग्नल नसावा असा जाणकारांचा ठोकताळा आहे. उणे ८० वर पूर्ण संपर्क तुटत नाही, पण यंत्रे वेग कमी करत करत, हरवलेला संदेश पुन्हा पुन्हा पाठवत कशीबशी तग धरतात. मग पाऊस लागतो. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर तो पाणी पिऊन राहतो, आणि वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. जूनच्या शेवटी तो आकडा आणखी काही डेसिबलने घसरलेला मी रोज पाहत होतो, आणि आईने वहीत लिहिले होते, "पाऊस लागल्यापासून जास्त."

इथे डबा कुठे ठेवावा हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या मनातल्या उत्तराच्या उलट आहे. ज्या खोलीत नेट पोहोचत नाही त्या खोलीत डबा ठेवावा असे स्वाभाविकपणे वाटते. पण जिथे फोनला नेट मिळत नाही तिथे डब्यालाही ते फारसे मिळत नाही. डबा चांगल्या खोलीच्या आणि वाईट खोलीच्या मध्ये, त्याला स्वतःला भक्कम सिग्नल मिळेल अशा जागी हवा. स्वयंपाकघरातला डबा माजघराच्या दाराजवळ, ओटीवरून सरळ दृष्टी पोहोचेल अशा कोनाड्यात आणला, आणि त्याच्या वाटेतले आरशाचे लोखंडी कपाट बाजूला सरकवले. आकडा उणे ६२ झाला. स्वयंपाकघरातल्या फोनची रेंज एक रेघ कमी झाली आणि प्रत्यक्ष वेग कितीतरी वाढला. कमी रेंज आणि जास्त वेग हे एकाच वेळी घडू शकते, हे आईला मी समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला रेघा कशाला हव्यात, कीर्तन मधे थांबायला नको." मला हे विधान कोणत्याही तांत्रिक व्याख्येपेक्षा अधिक नेमके वाटते.

तरीही माडीवरचा वेग पुढच्या पडवीतल्या वेगाच्या जेमतेम चौथाईच होता, आणि त्याचे कारण बिनतारी संपर्काच्या मूळ स्वभावात आहे. हवा ही सर्वांची सामाईक असते आणि एका वाहिनीवर एका वेळी एकालाच नीट बोलता येते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले, तेव्हा त्यांनी एक धाडसी साधेपणा स्वीकारला. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, पोच आली नाही तर दोन संदेश आदळले असे समजून थोडा वेळ थांबावे, आणि तो वेळ प्रत्येकाने मनाला येईल तेवढा घ्यावा म्हणजे पुन्हा टक्कर होणार नाही. वायफाय त्याच कुळातले आहे. फक्त बोलण्याआधी कानोसा घेण्याची शिस्त त्यात वाढली. आता मधला डबा काय करतो ते पाहा. मुख्य राउटरचे बोलणे तो आधी ऐकून घेतो आणि मग तेच फोनसाठी पुन्हा बोलतो. दोन्ही कामे एकाच वाहिनीवर होत असतील तर निम्मा वेळ ऐकण्यात आणि निम्मा सांगण्यात जातो, म्हणजे वेग साधारण निम्मा होतो. माडीवरचा डबा माजघरात आणलेल्या डब्यामार्फत जोडला जात होता, म्हणून तिथे तो निम्म्याचा निम्मा. डब्यांमधल्या संभाषणासाठी लहरींचा वेगळा तिसरा पट्टा राखून ठेवणारे महागडे संच मिळतात आणि त्यांचा उपयोग होतो, पण तो पट्टा म्हणजेही लहरीच, आणि चिऱ्याच्या भिंतीपुढे त्यांनाही हार मानावी लागते.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. मुंबई-पुण्याच्या इमारतींत भिंतींपेक्षा शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी मोठी असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ या तीनच. त्यामुळे राउटरने भलतीच अधलीमधली वाहिनी धरली तर दोन्हीकडचा गोंधळ वाट्याला येतो. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला, आणि गर्दीच्या ठिकाणी त्याचाच आधार घ्यावा. आमच्या वाडीत ही अडचण नव्हती. मायक्रोवेव्हची मात्र होती, कारण तो २.४५ गिगाहर्ट्झच्या जवळपासच काम करतो. "जेवण गरम करताना अडकतं" ही काकूंची नोंद वाचून डबा त्याच्यापासून दूर नेला आणि तो विषय मिटला. प्रिंटर "कधी दिसतो, कधी नाही" ही नोंदही अशीच झटकन सुटली. कंपनीच्या मॉडेमचे स्वतःचे वायफाय चालूच राहिले होते, प्रिंटर त्यावर होता आणि लॅपटॉप मेशवर. एका घरात दोन राउटर दोन निरनिराळी जाळी चालवत होते. कंपनीला सांगून मॉडेम ब्रिज मोडवर, म्हणजे नेट नुसते पुढे देण्यापुरता, टाकून घेतला आणि घरात एकच कारभारी उरला.

काकांची तक्रार वेगळ्या प्रकारची होती. "ओटीवरून बोलत बोलत मागे गेलो की माजघराच्या उंबऱ्यापुढे समीरचा चेहरा थिजतो." रोज त्याच जागी. मेशच्या जाहिरातींवरून असे वाटते की फोनला एका डब्याकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे काम डबे करतात. वस्तुतः केव्हा डबा बदलायचा हा निर्णय फोनचा असतो. ॲपलने आपल्या आयफोनबद्दल सांगितलेले आहे की सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्यावर तो दुसरा डबा शोधू लागतो. इतर फोनांचे आपापले आडाखे असतात आणि काही जुने फोन पहिल्या डब्याला शेवटपर्यंत सोडत नाहीत. ८०२.११ या वायफायच्या प्रमाणाच्या के, व्ही आणि आर या जोडप्रमाणांमुळे डबे फोनला जवळच्या डब्यांची यादी देऊ शकतात, बदल सुचवू शकतात आणि पुन्हा ओळख पटवण्याचा वेळ वाचवू शकतात, पण फोनला ती भाषा यायला हवी. काकांच्या फोनला ती येत नव्हती. यावरचा उपाय म्हणजे पडवीतल्या मुख्य डब्याची प्रक्षेपणशक्ती एक पायरी कमी करणे. त्यामुळे माजघराच्या उंबऱ्याच्या बरेच आधी, ओटीच्या मध्यावरच फोनला पहिला डबा अशक्त वाटू लागला आणि तो वेळेवर दुसऱ्याकडे वळला. शक्ती कमी केल्याने घरातले नेट सुधारते हे सांगितले तर कोणाला पटत नाही. करून पाहिल्यावर काकांना पटले. "आता घरभर फिरून बोलतो," असे ते समीरलाच कॉलवर सांगत होते.

सर्वांत चिवट निघाली ती मुलीने लिहिलेली नोंद. "दिवे जाऊन आले की माडीवर नेट येतं, पण लंगडं येतं." ती अनेक पानांवर वेगवेगळ्या तारखांना होती. मुख्य राउटरला बारा व्होल्टची लहान बॅटरी होती, माजघरातला डबा इन्व्हर्टरच्या प्लगवर होता, आणि माडीवरचा साध्या प्लगवर. दिवे गेले की माडीवरचा डबा बंद पडणार हे उघड होते. पण दिवे परत आल्यावर तासन्‌तास वेग का येत नव्हता, हे कळण्यासाठी एका संध्याकाळी दिवे जाण्याची वाट पाहत ॲप उघडून बसावे लागले. दिवे गेले, इन्व्हर्टरने भार उचलला, आणि त्या उचलण्याच्या क्षणभराच्या खंडात माजघरातला डबाही नव्याने सुरू झाला. त्याचा अडॅप्टर तेवढा धक्काही सोसू शकत नव्हता. पाठोपाठ दिवे आले आणि पुन्हा तेच झाले. माडीवरचा डबा जागा झाला तेव्हा माजघरातला अजून सुरू होत होता. मग माडीवरच्या डब्याने जो दिसला त्याला, म्हणजे दूरच्या पडवीतल्या राउटरला, उणे ८४ वर धरले, आणि एकदा धरल्यावर जवळचा डबा उठून बसला तरी सोडले नाही. मुलीने वापरलेला शब्द अगदी यथार्थ होता. पूर्ण न पडता पाय ओढत चालणारे जाळे कसे असते, ते मी त्या संध्याकाळी आकड्यांत पाहिले.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण होते ते चालू केले, त्यामुळे बदलाचा खंड कमी झाला; दोन्ही डब्यांना पडवीसारख्याच लहान बॅटऱ्या लावल्या. ज्या गावात दिवसातून दोनदा दिवे जातात तिथे मेश घेताना या बॅटऱ्यांचा खर्च संचाच्या किमतीतच धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पण खरा पक्का उपाय तारच आहे, आणि बिनतारी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल हे सांगायला मला संकोच वाटत नाही. डब्यांना एकमेकांशी तारेने जोडले की हवा फक्त फोनांसाठी मोकळी राहते, निम्म्याचा हिशेब उरत नाही, आणि भिंत ओली असो की कोरडी, तारेला त्याचे सोयरसुतक नसते. माळ्यावरून, वाशांच्या कडेने कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल माजघरात आणि तिथून माडीवर नेली. गावातला वायरमन मुलगा हाताचा चांगला होता. त्याने बाहेरचे वेष्टण सोलले, पीळ घातलेल्या चार जोड्या सुट्या केल्या, आणि आठ तारा बोटांनी सरळ करून ओळीने लावल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोके एका रेषेत कापून जॅकमध्ये सारली आणि पकडीने दाबली. माजघरातल्या डब्यावरचा दिवा हिरवा लागला. माडीचा नारिंगी लागला, आणि तिथला वेग १०० मेगाबिटच्या पुढे सरकेना.

"दादा, चालतंय ना, मग झालं," तो म्हणाला. पण १०० हा आकडा स्वतःच बोलका असतो. १०० मेगाबिटच्या जोडणीला चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी यांपैकी एक तार कुठेतरी तुटली की पुष्कळ यंत्रे काही न सांगता खालच्या वेगावर उतरतात. त्याने माडीकडचे टोक कापून पुन्हा घेतले तरी फरक पडला नाही. मग त्या तुकड्यातली तपकिरी तार मी चाकूने खरवडली. वर तांब्याचा रंग होता आणि आत पांढरट धातू. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल होती, स्वस्त आणि वळणावर पटकन मोडणारी, आणि ती बाजारात सर्रास मिळते. वाशाच्या कोपऱ्यावरून नव्वद अंशांत वळवताना ती आतल्या आत मोडली असणार. निखळ तांब्याची केबल मागवून तो तुकडा बदलला, आणि वायरमनने या वेळी वळण गोलाकार ठेवले. माडीचा दिवा हिरवा झाला.

त्यानंतर वहीत महिनाभरात एकच प्रकारची नोंद राहिली. रात्री मुलीच्या फोनवरून फोटो वर चढत असले की काकांचा कॉल अडखळे. पिंग लावून पाहिले तर एरवी २५ मिलिसेकंदांत येणारे बाहेरचे उत्तर त्या वेळी ६०० पर्यंत लांबत होते, आणि आतले मात्र स्थिर होते. वर जाणाऱ्या माहितीची रांग मॉडेमच्या साठवणीत तुंबते आणि संभाषणाचे लहान संदेश त्या रांगेच्या शेवटी अडकतात, असा हा प्रकार. राउटरमध्ये वर पाठवण्याच्या वेगावर तारेच्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे रांग मॉडेममध्ये न लागता राउटरपाशीच लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. आता फोटो चढत असतानाही उत्तर ४० च्या आत येते.

काकांना आता गोठ्यात कॅमेरा हवा आहे. गोठा घरापासून मोकळ्या अंगणापलीकडे आहे, आणि तिथवर तांब्याची तार नेणे मला मान्य नाही, कारण आमच्याकडे मे आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात तेव्हा अशा लांब तारेतून धक्का घरातल्या यंत्रांपर्यंत पोहोचतो. फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून तीच टाकायची आणि दोन्ही टोकांना लहान रूपांतरक बसवायचे असे ठरले आहे. चर खणायला दिवाळीनंतर जमीन वाळली की सुरुवात करू.